खालचा उजवा कोपरा

"अवघड काहीच नाही," हिशेबाच्या खिडकीमागची मुलगी म्हणाली. "संगणक आला तेव्हापासूनची तुमची शिल्लक रजा इथे दिसतेय. चौऱ्याहत्तर दिवस. त्याआधीचं रजिस्टर जागा बदलताना कुठे गेलं ते मात्र कोणालाच माहीत नाही. पण तुमच्याकडे त्या वेळची पगाराची एखादी चिठ्ठी असेल ना? कुठल्याही महिन्याची चालेल. त्यावर खाली उजव्या कोपऱ्यात शिल्लक रजा छापायचे. तेवढा आकडा दाखवा, त्या दिवसांचेही पैसे धरू." आणि नीट कळावं म्हणून तिने समोरच्या कोऱ्या कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर पेनाचं टोक दोनदा टेकवलं.

"आहेत," तो म्हणाला, "घरी आहेत. बायकोने सगळ्या लावून ठेवल्यात." यात खोटं काही नव्हतं. कागदी चिठ्ठ्या बंद होईपर्यंतची पंधरा वर्षं, महिन्याला एक, म्हणजे एकशे ऐंशी चिठ्ठ्या. त्यातली एकही बायकोने हरवू दिली नव्हती. फक्त त्यांतल्या एकाही चिठ्ठीला खालचा उजवा कोपरा नव्हता. तो त्याने स्वतः कापला होता, दर महिन्याला, पगाराच्या दिवशी, घरी निघण्यापूर्वी, मेणाचे पत्रे कापायच्या कात्रीने. "सोमवारपर्यंत आणा मात्र," मुलगी म्हणाली, "सोमवारी तुमचा कागद वर जातो, मग मला काही करता येणार नाही." ती मुलगी भली होती. भल्या माणसांसमोर त्याला नेहमीच जास्त घाम फुटायचा.

नोकरी सोडून आठ दिवस झाले होते. दातांची लॅब ती. शहरातले दंतवैद्य मापं पाठवत आणि इथे कवळ्या, कॅपा, एकेकटे दात तयार होत. सव्वीस वर्षं तो शेड जुळवण्याच्या टेबलावर होता. एखाद्याचा पुढचा दात पडला की शेजारच्या दातांतून नवा दात कोणता ते कोणाला कळता कामा नये, एवढंच त्याचं काम, आणि ते करायला त्याला उत्तरेकडची खिडकी, सोळा नमुन्यांची पट्टी आणि एक गोल स्टूल पुरत असे. गेल्या वर्षापासून दोन पिवळ्यांमधला फरक त्याला दुपारनंतर कळेनासा झाला. कोणी काही बोललं नव्हतं. एकदा एका बाईंचा दात परत आला, मग आणखी एक, आणि तिसरा परत यायच्या आत त्याने राजीनामा दिला. आज जिना उतरताना दारातून त्याला आपलं स्टूल दिसलं. त्यावर नवी मुलगी बसली होती आणि तिने ते दोन बोटं उंच करून घेतलं होतं. त्याला वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही वाटलं नाही.

कवळ्यांचे साचे मेणात घडवायच्या टेबलावरचा त्याचा जुना सोबती जिन्याशीच भेटला आणि चहाला ओढून घेऊन गेला. "रजेचे किती दिवस निघाले?" त्याने विचारलं. याने खरा आकडा सांगितला. रजिस्टरमधले एकशे दहा त्याला पाठ होते. स्वतःच्या वयापेक्षाही चटकन आठवत. "म्हणजे दोन्ही मिळून एकशे चौऱ्याऐंशी," मेणवाला म्हणाला आणि कप खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. "आमचं बघा. मेव्हण्याचं लग्न, मेव्हणीचं लग्न, मेव्हण्याचं दुसरं लग्न. सगळी रजा सासुरवाडीनं खाल्ली. तुम्ही कधी कुठे गेलातच नाही का हो?" "नाही," तो म्हणाला. "वहिनी काही म्हणायच्या नाहीत?" यावर त्याने चहा गरम असल्यासारखा फुंकला.

वहिनींना काय माहीत. वहिनींच्या लेखी त्याच्याकडे कधी एक दिवससुद्धा शिल्लक नसे. लॅबवाले रजेच्या बाबतीत कसाई आहेत, वर्षाला जेमतेम पाच-सहा दिवस देतात आणि तेही दुखण्याखुपण्यात जातात, अशी तिची सव्वीस वर्षांची समजूत होती. सुरुवात खरी होती, हे तो स्वतःला आजही बजावत असे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या चुलत बहिणीचं लग्न परगावी निघालं तेव्हा त्याच्या नोकरीला तीनच महिने झाले होते आणि खरोखरच रजा नव्हती. तो तसं म्हणाला, आणि काय झालं ते बघून चकितच झाला. कोणी रुसलं नाही. सासऱ्यांनी उलट निरोप धाडला, की नोकरी आधी, बाकीचं मागाहून. 'रजा नाही' हे दोन शब्द उच्चारले की समोरच्याचा चेहरा मऊ होई, पुढचा प्रश्न येत नसे आणि वर थोडी सहानुभूतीही मिळे. दुसऱ्या वर्षी रजा होती. तिच्या भावाने नवं घर बांधलं होतं, सगळे चार दिवस जमणार होते. बायकोने विचारलं आणि उत्तर त्याच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं. त्याच महिन्यापासून पगाराबरोबर छापील चिठ्ठी मिळू लागली आणि पहिल्याच चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्याला एकोणीस हा आकडा दिसला. टेबलावर कात्री होतीच. घरी बायकोने विचारलं, "हा कोपरा कशाने गेला?" "पैसे दिल्याची खूण," तो म्हणाला. "कॅशियर कापतो." तिने मान हलवली आणि चिठ्ठी फाईलला लावली. इतकं सोपं होतं ते, आणि एकदा खूण म्हटल्यावर पुढे दर महिन्याला ती खूण करत राहणं भागच होतं.

तो बसने जाऊ शकत होता, पण चालत निघाला. फुटपाथ उखडून नवा करत होते, त्यामुळे सारखं उतरावं आणि चढावं लागत होतं, आणि त्या उतरण्या-चढण्यात विचाराची दोरी तुटत होती, ते त्याला बरं वाटत होतं. चौऱ्याहत्तर दिवसांचे पैसे मिळणारच होते. ते घरी कसे सांगायचे तेही ठरलं होतं: लॅबने जाताना खुशीने दिले म्हणायचं. राहिलेले एकशे दहा सोडून द्यायचे. चिठ्ठ्या सापडल्या नाहीत म्हणायचं, मुलगी हळहळेल, कागद वर जाईल, प्रकरण मिटेल. घरात कोणाला कळणार नाही, कारण घरात त्या दिवसांचा कोणाला पत्ताच नाही. पण त्यांच्या इमारतीखालचा गाळा रिकामा झाला होता. बायको पडदे शिवते. वीस वर्षं ती पुढच्या खोलीत शिवतेय आणि त्या खोलीत माणसाने बसायचं झालं तर आधी कोणाच्या तरी बैठकीचे पडदे उचलावे लागतात. गाळ्याच्या मालकाला अनामत हवी होती. दोघांनी मिळून जमवलेली रक्कम, फंडाचे पैसे, सगळं धरूनही ती कमी पडत होती, आणि किती कमी पडत होती ते त्याने मनात मोजलं होतं. साधारण साडेतीन महिन्यांचा पगार. काल रात्री जेवताना ती म्हणाली होती, "जाऊ दे, गाळे काय, पुन्हा रिकामे होतील." तिच्या आवाजात कुरकुर नव्हती, म्हणून ते वाक्य दिवसभर त्याला टोचत होतं. तिचा गाळा त्याने कात्रीने तुकड्या-तुकड्यांनी कापून लॅबच्या कचऱ्यात टाकला होता.

आणि कशासाठी, असं कोणी विचारलं असतं तर? हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, पण उत्तर त्याच्याकडे होतं आणि ते इतकं क्षुल्लक होतं की त्याला त्याची लाज वाटे. तो आठ वर्षांचा असताना त्याची आई इस्पितळात होती आणि वडिलांनी त्याला मावशीकडे ठेवलं होतं. मावशी वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी तो बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसला तेव्हा ती हसून म्हणाली, "अरे, तिथे काका बसतात." तो उठला आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला. "ती ताईची अभ्यासाची जागा आहे रे राजा." पलंगावर बसला तर चादर चुरगळते. स्वयंपाकघरात पाटावर बसला तर पायात येतोस. कोणी रागावत नसे, हेच तर कठीण होतं. कोणी रागावलं असतं तर रडता तरी आलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला जिना सापडला. बाहेरच्या जिन्याची खालून सहावी पायरी कोणाचीच नव्हती. चार महिने तो त्या पायरीवर बसला. येणारे-जाणारे डोक्यावर टप्पल मारून म्हणत, काय पहारेकरी, आणि तो हसून बाजूला सरके. आई बरी झाली, वडील न्यायला आले, त्यांनी विचारलं, "कसं होतं मावशीकडे?" "छान," तो म्हणाला. पुढे लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला आणि सगळे बसा ना, बसा ना म्हणाले, तेव्हा समोर सहा खुर्च्या असताना हातातली पिशवी घट्ट धरून तो उभाच राहिला. शेवटी एका खुर्चीच्या कडेला टेकला, आणि दोन दिवस तसाच टेकलेला होता. परत आल्यावर त्याची पाठ धरली. सासूबाई साध्या, सासरे बोलके, मेहुणी तर जीव लावणारी. त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. जागा नव्हती ती फक्त त्याला बसायला.

घरी कोणी नव्हतं. पुढच्या खोलीतल्या टेबलावर चिठ्ठी होती, की डॉक्टरीणबाईंच्या खिडक्यांची मापं घ्यायला जाते, तासाभरात येते. त्याने चपला काढल्या आणि सरळ कपाटाकडे गेला. एक अंधुक आशा त्याला चालताना सुचली होती. तेरा वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली होती. तीन आठवडे तो घरी पडून होता, आणि त्या महिन्याची चिठ्ठी मेणवाल्याने घरी आणून दिली होती. मेणवाला पलंगाशी बसून म्हणाला होता, आता शेडची पट्टी तुमच्याच डोळ्यांना लावून बघू. सगळे हसले होते. पाकीट बायकोने घेतलं होतं. आपण तापात होतो. ती चिठ्ठी कापली गेली नाही, मग इतकी वर्षं हे आपल्या लक्षात कसं नाही आलं? की लक्षात होतं, आणि आपणच ते मनात कशाखाली तरी दडवलं होतं? फाईल जाड होती, सुतळीने बांधलेली. त्याने गाठ सोडली. एकामागून एक चिठ्ठ्या, सगळ्यांचा तो कोपरा तिरका उडालेला, कधी जास्त, कधी कमी. घाईत कापलेल्या, सावकाश कापलेल्या. पंधरा वर्षांचं आपलं खोटं असं एकत्र बांधलेलं त्याने प्रथमच पाहिलं. बोटं चालत राहिली आणि काविळीच्या महिन्यावर थांबली.

तिचाही कोपरा नव्हता. क्षणभर त्याची निराशा झाली, मग त्याला ती कड दिसली. बाकी सगळ्या कडा सरळ होत्या. ही दातेरी होती, बारीक, एकसारखी, वर-खाली, वर-खाली. कापडाचे धागे निघू नयेत म्हणून शिवणारे वापरतात त्या झिगझॅग कात्रीने कापलेली. तशी कात्री लॅबमध्ये नव्हती. ती त्याच्या समोर होती, शिवणाच्या टेबलावर, मापाच्या टेपशेजारी. तो हातात चिठ्ठी घेऊन खाली जमिनीवरच बसला. पुढच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या त्याने चाळल्या. पुन्हा सरळ कडा, त्याच्या कात्रीच्या. म्हणजे तो कापून आणत होता आणि ती लावून ठेवत होती. म्हणजे सासरे शेवटचे आजारी होते तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, ती बॅग भरता भरता म्हणाली होती, "तुम्हाला रजा मिळेल का?" आणि तो म्हणाला होता, "एक दिवससुद्धा नाही गं," तेव्हा तिला माहीत होतं. एकोणीस दिवस ती एकटी तिकडे होती. विसाव्या दिवशी आली तेव्हा तो तिला बसच्या थांब्यावर घ्यायला गेला होता आणि तिच्या हातातली बॅग घेताना स्वतःला चांगला नवरा समजला होता.

दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. फाईल बांधायला वेळ होता. त्याने बांधली नाही. बायको आत आली, खांद्यावरची पिशवी उतरवली, जमिनीवर पसरलेले कागद आणि मध्ये बसलेला नवरा बघितला. तिची नजर त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर गेली आणि तिला सगळं कळलं हे त्याला कळलं.

"हातात तीच कात्री होती," ती म्हणाली. "दुसरी घ्यायला उठले असते तर तुम्ही जागे झाला असता."

"कापलीस का पण?"

"मग काय करू? तेवढी एकच अख्खी राहिली असती. तुम्ही कधी फाईल उघडली असती तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय." तिने स्टूल ओढलं आणि बसली. "आज काय काढलंत हे?"

त्याने सांगितलं. संगणक, रजिस्टर, मुलगी, सोमवार. एकशे दहा दिवस. तो जमिनीकडे बघत बोलत होता. बोलून झाल्यावर ती उठली, शिवणाच्या टेबलाचा खण ओढला, मापांची जुनी वही काढली आणि तिच्या पुठ्ठ्याच्या आतून कागदाचा एक दातेरी त्रिकोण काढून त्याच्यासमोर धरला. त्यावर शहाण्णव आकडा होता. "चौदा दिवस गेले तुमचे," ती म्हणाली. "तेवढं चालेल ना?" त्याने तो तुकडा चिठ्ठीला लावून बघितला. दात दातात बसले.

त्याला रडू येईल असं वाटत होतं, पण आली ती एक विलक्षण मोकळीक, पोटापासून वर, घट्ट बूट काढल्यावर पायांना येते तशी. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं, आणि तेही तेरा वर्षांपूर्वी, तो झोपलेला असताना. "भांडली का नाहीस?" त्याने विचारलं.

"भांडणार होते. दोन दिवस मनात जुळवाजुळव करत होते. तुम्ही रजा घेऊन कुठे जात असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण तुम्ही रजाही घेत नव्हता आणि कुठे जातही नव्हता. त्यावर कसं भांडायचं ते मला सुचेना. मग तुमचा ताप वाढला आणि राहून गेलं."

"आणि बाबांच्या वेळी? माहीत असून विचारलंस?"

"विचारावं लागतं. तिकडे दहा जण विचारणार, जावई का नाही आले. विचारलं होतं असं सांगता यायला हवं." ती मापाची टेप बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "खरं सांगू? मी मनातून म्हणत होते, नाही म्हणू दे. तुम्ही आला असता तर मला तुमच्याकडे बघावं लागलं असतं. जेवलात का, अवघडलात का, कोणाशी बोलताय का. मला फक्त बाबांकडे बघायचं होतं. तुमची रजा नव्हती म्हणून मला ते एकोणीस दिवस मिळाले. त्यासाठी मी तुम्हाला कधी बोल लावला नाही, आणि लावणार नाही."

हे ऐकून त्याला बरं वाटलं आणि कुठेतरी लागलंही. आपण नसणं कोणाला तरी हवं होतं, हे कळायला तो तयार नव्हता. पण ते खरं होतं आणि तिने ते घडी न घालता समोर ठेवलं होतं. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं. कोणाच्या तरी निळ्या पडद्याचा ढीग त्यात पडला होता आणि त्या निळ्याच्या दोन छटा त्याला स्पष्ट वेगळ्या दिसत होत्या.

"माझ्या ताईकडे जायचंय पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली, "आठ दिवस. सगळे जमतायत. येणार का?"

तिने नेहमीच्याच सुरात विचारलं. त्याने तोंड उघडलं, आणि ते दोन शब्द तिथे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ रजाच रजा होती. ती थांबली, घाई करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"दुसऱ्याच्या घरी," तो म्हणाला, "मला कुठे बसावं ते कळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. कुठल्याही खुर्चीवर बसलो की वाटतं ही कोणाची तरी आहे. आत्ता कोणीतरी उठवेल. कोणी उठवत नाही, पण वाटत राहतं. दिवसभर. म्हणून मी येत नाही. दुसरं काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

ती हसेल असं त्याला वाटलं, आणि हसली असती तरी चाललं असतं. पण तिने टेप मांडीवर ठेवली. तिचा चेहरा अचानक तरुण दिसायला लागला, आणि डोळे भरून आले तेव्हा आधी त्याला कळेचना काय झालं.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली, "मला वाटत होतं की माझी माणसं तुम्हाला आवडत नाहीत."

"अगं, नाही," तो म्हणाला. "तुझी माणसं मला फार आवडतात." आणि हे बोलताना त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य त्याने कधीही, कोणालाही सांगितलेलं नाही, ते सांगायला रजा लागली नसती. तो जमिनीवरून उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि मोठा श्वास सोडला. किती वर्षांचा तो श्वास होता कोण जाणे.

"मग नका येऊ," ती म्हणाली. एवढ्या मायेने त्याला 'नका येऊ' कोणी म्हटलं नव्हतं.

"तिकडे काय सांगशील?"

"हेच. त्यांनाही इतकी वर्षं माझ्यासारखंच वाटत आलंय." तिने फोन उचलला आणि बहिणीचा नंबर लावला.